एकशे तेरावी पायरी

सदाशिव पेठ, पुणे ३०
७ जून २००४

प्रिय प्रेमला,

या पत्रात तब्येतीची चौकशी नाही, पाऊसपाणी नाही. मी रागावले आहे आणि भांडायला बसले आहे. तू माझ्याशी एकावन्न वर्षं खोटं बोललीस. लहानसहान खोटं नव्हे. त्या खोट्यावर माझी नोकरी उभी राहिली, माझे दोन भाऊ शिकले, आणि तुझं नाव मात्र आपल्या कचेरीत कायमचं वाईट झालं. हे मला परवा शनिवारी कळलं, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, आणि तेही श्रीधरच्या मुलीकडून, जिला तू कोण हे धड माहीतही नव्हतं. दोन दिवस मी कुणाशी बोललेले नाही. भाजीवाल्याशीसुद्धा घासाघीस केली नाही, यावरून काय ते समज. आता हे पत्र मध्येच खाली ठेवून चहा टाकायला उठू नकोस. विषय अवघड झाला की तू चहा टाकतेस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

झालं असं. गेल्या महिन्याच्या अखेरीस पेपरात एक चौकट आली होती. अमेरिकेतल्या कुणा गृहस्थाच्या कॉम्प्युटरने आजवरची सगळ्यांत मोठी मूळ संख्या शोधली म्हणे. एक आणि ती स्वतः सोडून कशानेही भाग न जाणारी, आणि आकडे किती, तर बहात्तर लाखांच्या वर. प्रकार आपलाच, मर्सेनचा: दोनाला दोनाने गुणत जायचं आणि शेवटी एक वजा करायचा. मी ते कापून ठेवलं. शनिवारी नीरजा आली, म्हणजे श्रीधरची धाकटी, सॉफ्टवेअर कंपनीत आहे ती, तिला दाखवलं. तर म्हणते, "आत्या, माझा पीसीपण आहे यात, बॅकग्राउंडला रन होत असतो." जगभरचे हजारो लोक आपापल्या घरी हे करतात, आणि एकाने तपासलेली संख्या पुन्हा दुसऱ्या कुणाला देतात; दोघांची बाकी आकड्याला आकडा जुळली तरच मान्य. याला डबल चेक म्हणतात, असं ती मला समजावून सांगत होती. मला! मी म्हटलं, बाई गं, तू जन्मायच्या पंचवीस वर्षं आधी तुझी आत्या आणि तिची मैत्रीण प्रेमला हेच करत होत्या, आणि आमच्या हुद्द्याचं नावच कॉम्प्युटर होतं. तिला आधी खरंच वाटेना. मग सगळं पहिल्यापासून सांगणं आलं.

एकावन्न साल. आपण दोघी विशीतल्या, पावसाचे आणि हवेच्या दाबाचे आकडे दिवसभर फॅसिट गणकयंत्राच्या दांड्यावर फिरवणाऱ्या. तू फुरसुंगीची, कसबा पेठेत मामांकडे राहून मॅट्रिक झालेली, मी इथलीच. आपले विभागप्रमुख दीनानाथसाहेब गणितवेडे. एकदा डबा खाताना त्यांनी सांगितलं, की तीनशे वर्षांपूर्वी मर्सेन नावाच्या एका फ्रेंच पाद्र्याने अशा संख्यांची यादी केली, दोन हा आकडा दोनशे सत्तावन्न वेळा गुणण्यापर्यंत, आणि पुढे त्या यादीत पाच चुका निघाल्या. सगळे हसले. तू एकटीने विचारलंस, "मग त्याच्या म्होरं कुनी बघितलंय का?" साहेब म्हणाले, माझ्या तरी माहितीत नाही. झालं. दोनशे त्रेसष्ट वेळा गुणून येणाऱ्या संख्येला आपल्याला भाग सापडला. दोनशे एकोणसत्तर तुला आवडला नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणालीस, उगाच. मग दोनशे एकाहत्तर धरला. दोन हा आकडा दोनशे एकाहत्तर वेळा मांडून गुणायचा आणि एक वजा करायचा. येते ती संख्या ब्याऐंशी आकडी. ती मूळ आहे की नाही, एवढाच प्रश्न. पोटापाण्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता, म्हणूनच बहुधा तो आपल्याला इतका आवडला.

रीत साहेबांनीच कागदावर लिहून दिली. चारापासून सुरुवात. त्याचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या ब्याऐंशी आकडी संख्येने भागून बाकी काढायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा बाकी. अशा दोनशे एकोणसत्तर पायऱ्या. शेवटची बाकी शून्य आली तर संख्या मूळ, नाही आली तर नाही. अट एकच, दोघींनी एकमेकींचं न बघता वेगवेगळं करायचं आणि शेवटी ताडून पाहायचं. साडेपाचला कचेरी सुटली की सातपर्यंत आपण यंत्रावर बसायचो. एका पायरीला दोन दोन संध्याकाळी लागायच्या. पावणेदोन वर्षं आपण सिनेमा पाहिला नाही, तुळशीबागेत गेलो नाही. घरी विचारलं तर सांगायचो, जादा काम आहे. आणि ते खोटंही नव्हतं.

प्रत्येक पायरीला ताळा घ्यायचा. मी नवाचा घ्यायची, आकड्यांची बेरीज केली की झालं. तू नवाचा घेऊन वर अकराचाही घ्यायचीस, एकाआड एक आकडे मिळवायचे आणि मधले वजा करायचे, सगळा वेळखाऊ कारभार. "श्यामे, शेजारचे दोन आकडे उलटे पडले तर नवाला कळत न्हाई, बेरीज तीच येती. अकराचा घेत जा की," हे तू मला किती वेळा सांगितलंस. आणि मी काय म्हणायची? "ज्यांचे आकडे उलटे पडतात त्यांनी घ्यावा." मी कायम तुझ्यापुढे चार पायऱ्या असायची आणि त्याची मला घमेंड होती. तुझ्या आधी बारा दिवस माझं काम संपलं, तेव्हा मी साहेबांना पेढे दिले. तुला नाही दिले. तुझं संपल्यावर देईन म्हटलं आणि पुढे द्यायची वेळच आली नाही.

कारण बाकी जुळली नाही. शून्य दोघींचंही नव्हतं, म्हणजे संख्या मूळ नाही यावर दोघींचं एकमत. पण तुझी बाकी वेगळी, माझी वेगळी. साहेब म्हणाले, दोन वेगळ्या बाकी म्हणजे कुणीतरी एक नक्की चुकली आहे, आणि ते कळेपर्यंत ही सगळी रद्दी. मी लगेच तुझ्याकडे बघितलं. साहेबांनीही तुझ्याकडेच बघितलं. का बघितलं? दोन दिवस विचार करते आहे. सदाशिव पेठेतली मुलगी चुकेल आणि फुरसुंगीची बरोबर असेल, हे आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही, याखेरीज मला दुसरं कारण सापडत नाही. तू दोघींच्या वह्या मामांकडे घेऊन गेलीस. आठ दिवसांनी माझ्या वह्या मला परत दिल्यास आणि साहेबांच्या टेबलासमोर उभी राहून म्हणालीस, "एकशे तेराव्या पायरीला फाटा फुटला. चूक माझीच." तुझ्या वह्या कुठे म्हणून विचारलं, तर बंबात घातल्या म्हणालीस. पावणेदोन वर्षांच्या वह्या कोणी बंबात घालतं का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मी जिंकले होते ना.

त्याच वर्षी वरच्या गणकाची एक जागा निघाली. नोकरीत तू माझ्याहून आठ महिन्यांनी जुनी, जागा हक्काने तुझी. साहेबांनी तुझ्या अहवालात लिहिलं, आकडेमोडीत भरवसा ठेवण्याजोगी नाही. जागा मला मिळाली आणि तुला आवक-जावकच्या टेबलावर बसवलं, पत्रांवर नंबर घालायला. अकराचा ताळा घेणाऱ्या बाईला पत्रांवर नंबर घालायला! तीन वर्षांनी तू लग्न होऊन मांजरीला गेलीस. मधल्या काळात साहेबांना कुठल्याशा परदेशी नियतकालिकातून कळलं, की अमेरिकेतल्या विजेच्या यंत्राने दोनशे एकाहत्तर आणि त्यापुढचे कितीतरी आकडे बावन्न सालीच तपासून टाकले होते. म्हणजे आपण निम्म्या वाटेवर होतो तेव्हाच. संख्येचा विषय तिथे संपला. तुझ्या चुकीचा संपला नाही.

तो मी संपू दिला नाही. विभागात नवी मुलं आली की पहिल्या दिवशी मी त्यांना तुझी गोष्ट सांगायची. पावणेदोन वर्षांचं काम एका आकड्याने कसं मातीत गेलं, म्हणून ताळा घ्या, डोळे उघडे ठेवा, नाहीतर तुमची प्रेमला होईल. मी ते एकदा म्हटलं आणि ते विभागाला चिकटलं. कुणाची बेरीज चुकली की, "झाली का प्रेमला?" कोष्टक पुन्हा करावं लागलं की, "प्रेमला झाली रे." तुला कधी न पाहिलेली मुलं म्हणायची. एकोणनव्वद साली मी निवृत्त झाले तेव्हाही म्हणत होती. आणि एकसष्ट साली तू संक्रांतीला गूळ घेऊन कचेरीत आलीस, तुझा हिंदुराव कडेवर होता, तेव्हा पलीकडच्या टेबलावरचा श्रीनिवास तुझ्यादेखत ओरडला, "बाई, माझी प्रेमला झाली, कागद द्या!" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू हसलीस. हसून त्या मुलाच्या हातावर गुळाचा खडा ठेवलास. मी मनात म्हटलं, किती मोकळ्या मनाची आहे, हिला कशाचं काही वाटत नाही. प्रेमला, मला माझ्या त्या वाक्याची आज किळस येते.

हे सगळं ऐकून नीरजा म्हणाली, "आत्या, दोन मिनिटं दे, आत्ता चेक करते." पिशवीतला लॅपटॉप काढून दहाबारा ओळी काहीतरी टाइप केल्या, आणि मी चष्मा शोधेपर्यंत दोनशे एकोणसत्तर पायऱ्या संपल्या होत्या. मी सगळ्या छापून मागितल्या, तिने कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून आणून दिल्या. खरं सांगते, मला मिरवायचं होतं. माळ्यावरून वह्या काढायला लावल्या. शेवटची बाकी आधी ताडून बघितली. जुळेना. मी म्हटलं, तुझ्याच यंत्राचं काहीतरी चुकलं. दीनानाथसाहेबांनी जाताना मला दिलेल्या फायलीत आपल्या दोघींच्या बाकी लिहिलेला कागद अजून आहे, एकीखाली एक. नीरजाने छापील बाकी त्याच्याशी लावली, आकड्यावर बोट ठेवून शेवटपर्यंत गेली आणि म्हणाली, "आत्या, खालची मॅच होतेय. खालची कोणाची?"

खालची तुझी.

मग मी भिंग घेतलं आणि एकेक पायरी ताडत गेले. एकशे बारापर्यंत माझी प्रत्येक बाकी बरोबर. एकशे तेरावी पक्क्या वहीत उतरवताना मी अडतीसचे त्र्याऐंशी केले आहेत. शेजारचे दोन आकडे उलटे. नवाचा ताळा बरोबर, शेजारी माझी ऐटबाज सही. तिथून पुढच्या एकशे छप्पन्न पायऱ्या म्हणजे सुंदर अक्षरात लिहिलेला कचरा. आणि त्याच पानाच्या समासात पुसलेल्या पेन्सिलीच्या खुणा. वही खिडकीपाशी नेऊन तिरकी धरली. अकराचा ताळा होता, देवनागरी आकड्यांत. कचेरीत आम्ही सगळे इंग्रजी आकडे लिहायचो. कच्चं काम देवनागरीत करणारी तू एकटी. म्हणजे तू शोधलंस. पायरी सापडली, आकडा सापडला. मग खोडरबर घेऊन पुसलंस, आणि पायरी खरी सांगून माणूस खोटं सांगितलंस. नीरजा पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, जा तू घरी.

आता मला सांग, तुला हे करायला सांगितलं कोणी? मी मागितलं होतं? वडिलांना पक्षाघात झाला होता, श्रीधर-दिगंबर शाळेत होते, घरात माझ्याच पगाराची चूल होती, हे तुला ठाऊक होतं. त्या आठ दिवसांत एकदा तू वह्या घेऊन घरीही आली होतीस. वडिलांना उठवून बसवायला हात दिलास. आणि मग आईने तुला चहा दिला तो कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. तो कप तुझ्यासाठीच बाजूला ठेवलेला असायचा, हे तुला माहीत होतं. मला माहीत होतं आणि मी आईला एका शब्दाने बोलले नाही. त्या घरासाठी तू तुझी जागा सोडलीस? दुसरी कुणी असती तर तो कप अंगणात आपटून गेली असती, आणि बरं केलं असतं. तू दान करून गेलीस. मला दान नको होतं. मी सदाशिव पेठेतली आहे, आम्ही दुसऱ्याच्या घरचं विरजणसुद्धा परत करतो.

आणि समजा जागा तुला मिळाली असती, तर मी उपाशी मेले असते का? शिकवण्या केल्या असत्या. रडले असते, तुझ्यावर जळले असते, महिनाभर अबोला धरला असता. पण तुझं काम तुझं राहिलं असतं. मला सगळ्यांत जास्त संताप येतो तो याचा, की तू ठरवलंस, श्यामलाला हे सोसणार नाही. तुला जी चूक माझ्या वहीत दिसली ती मला सांगण्याइतकीही तू मला बरोबरीची समजली नाहीस. आणि त्याहून जास्त संताप येतो तो याचा, की तुझं खरं होतं. तेव्हा मी सोसलं नसतं. तुझ्यावरच काहीतरी ढकललं असतं. एका संध्याकाळचं काम होतं, गं, स्वतःच्या वहीला अकराचा ताळा लावून बघायचं. एकावन्न वर्षांत मला ती एक संध्याकाळ मिळाली नाही. इतरांची कोष्टकं तपासण्यात छत्तीस वर्षं गेली.

आता लिहिण्याचं कारण. एकोणीस तारखेला, शनिवारी, विभागातल्या जुन्या लोकांचा मेळावा आहे. बोलायला मला उभं करणार आहेत. गेल्या आठवड्यात एका मुलाचा फोन आला होता, "बाई, ते प्रेमला झालीचं नक्की सांगा हं, सगळ्यांना फार आवडतं." मी हो म्हटलं होतं, तेव्हा मला काही माहीत नव्हतं. आता मी तिथे उभी राहून खरं सांगू शकते. पण काय होईल ते मला दिसतं आहे. मी सांगेन, लोक टाळ्या वाजवतील, बाईंचा केवढा मोठेपणा म्हणतील. तुझ्या चुकीवर माझं नाव झालं, आता माझ्या चुकीवरही माझंच होईल. ते मी होऊ देणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या बसने मी मांजरीला येते आहे, वही आणि नीरजाचे कागद घेऊन. आधी घरी, तुझ्या सुनेदेखत, माझ्या तोंडावर म्हण की श्यामे, चूक तुझी होती. आवाज चढवून म्हण, मला ऐकायचं आहे. आणि एकोणीस तारखेला माझ्याऐवजी तू बोलायचंस. नाही म्हणायचं नाही. नाही म्हणण्याची तुझी पाळी त्रेपन्न साली होती, ती तू घालवलीस. तुझ्या त्या दोनशे एकोणसत्तर बाकी बरोबर होत्या, हे त्या लोकांना तुझ्या तोंडून कळू दे. मी खाली बसेन आणि ऐकेन. मध्ये एक शब्दही बोलणार नाही.

तुझीच,
श्यामला